हानलेला हिवाळी आकाशदर्शनाचे गट नेणाऱ्या सहल आयोजकांना आणि खगोल मंडळांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

दिवाळी आटोपली की तुमच्या जाहिराती सुरू होतात. 'लडाख हिवाळी आकाशदर्शन', 'हानले अमावस्या विशेष', पाच रात्री सहा दिवस. महाराष्ट्रातून इतकी माणसे आकाश बघायला एवढ्या लांब जातात याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. हिवाळ्यातल्या हानलेसारखे आकाश आपल्या देशात फार थोड्या ठिकाणी दिसते. पण या सहली ज्या पद्धतीने आखल्या जातात, त्याने गावाचे नुकसान होते, वेधशाळेच्या कामात अडथळा येतो आणि पैसे भरून आलेल्या माणसाला हवे ते आकाशही मिळत नाही. पुढच्या हंगामाचे वेळापत्रक छापण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती.

हानले लेहपासून सुमारे २५० किलोमीटरवर, चांगथांगच्या पठारावर आहे. सहा छोट्या वस्त्यांचे हे गाव साधारण ४,३०० मीटर उंचीवर वसले आहे. शेजारच्या डोंगरावर ४,५०० मीटरवर भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. तिथली २ मीटर व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण बेंगळुरूजवळच्या होस्कोटेहून उपग्रहामार्फत चालवली जाते. भाभा अणुसंशोधन केंद्राची २१ मीटर व्यासाची 'मेस' ही गॅमा किरण दुर्बीणही इथलीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचे उद्घाटन झाले. डिसेंबर २०२२ मध्ये इथला सुमारे १,०७३ चौरस किलोमीटरचा प्रदेश भारताचा पहिला 'डार्क स्काय रिझर्व्ह', म्हणजे रात्रीचा काळोख जपण्यासाठी राखलेला प्रदेश, म्हणून अधिसूचित झाला. त्यासाठी गावकऱ्यांनी खिडक्यांना जाड पडदे लावले, बाहेरचे दिवे झाकले. गावातल्या २४ जणांना दुर्बीण चालवण्याचे आणि आकाश समजावून सांगण्याचे प्रशिक्षण मिळाले. थोडक्यात, अंधार राखायचे काम गावाने केले आहे. उजेड बाहेरून येतो आहे, आणि तो बहुतेक गाड्यांचा आहे.

एका गाडीच्या उजेडाने असे काय होते, याचा हिशेब करून बघा. 'अप्पर' केलेल्या एका हेडलाइटची तीव्रता ५०,००० कँडेला (दिव्याच्या तीव्रतेचे एकक) धरू. प्रकाश अंतराच्या वर्गाने कमी होतो. एक किलोमीटरवर उभ्या माणसावर तो ०.०५ लक्स (पडणाऱ्या उजेडाचे एकक) पडतो. चंद्र नसलेल्या, फक्त ताऱ्यांच्या रात्री जमिनीवर एकूण उजेड असतो साधारण ०.००१ लक्स. म्हणजे एक किलोमीटरवरची गाडी तुमच्याकडे तोंड करून आली, तर साऱ्या आकाशाच्या पन्नास पट उजेड एका दिव्यातून येतो. पाच किलोमीटरवरूनही तो ०.००२ लक्स, आकाशाच्या दुप्पट असतो. हानलेचे खोरे सपाट आणि उघडे आहे. मध्ये झाड नाही, इमारत नाही, दमट हवेचा पडदा नाही. आपल्या घाटात वळणामागे गाडी लपते तशी ती इथे लपत नाही. लेहच्या रस्त्यावरच्या लोमाच्या बाजूने उशिरा येणारी तुमची एक गाडी वेगवेगळ्या वस्त्यांत उभ्या असलेल्या सगळ्यांची रात्र मोडते.

डोळ्याचे गणितही निर्दय आहे. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्याला तीस-चाळीस मिनिटे लागतात, आणि पांढरा उजेड दोन सेकंद डोळ्यात गेला की बहुतेक मेहनत वाया जाते. दहा जणांच्या गटात दर वीस मिनिटांनी कोणी ना कोणी मोबाइल उघडला, तर त्या गटातल्या एकानेही हानलेचे खरे आकाश पाहिलेले नसते. पुण्याजवळच्या एखाद्या टेकडीवरून दिसते त्याहून थोडे बरे, इतकेच पाहून ते परत जातात. त्यांना ते कळतही नाही, हे आम्हाला जास्त लागते.

म्हणून आधी गाडीबद्दल बोलू. दिवस मावळायच्या आत मुक्कामी पोचायचे, ही पहिली अट ठेवा. डिसेंबरात हानलेत सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो आणि पावणेसातपर्यंत पूर्ण काळोख होतो, तेव्हा चार वाजता गाडी मुक्कामाच्या दारात हवी. गाडी लावताना तिचे तोंड निघायच्या दिशेला करून ठेवा. रात्री कोणाला बरे वाटेनासे झाले आणि निघावे लागले, तर मागे घेताना लागणारा पांढरा दिवा सगळ्या वस्तीवर पडत नाही. दार उघडले की छतातला दिवा लागतो, तो खटका आधीच बंद करा. रिमोटने गाडी उघडली-बंद केली की चारी इंडिकेटर लुकलुकतात, म्हणून रात्री कुलूप साध्या किल्लीने उघडायचे. आणि सगळ्यांच्या नजरेतून सुटणारी गोष्ट म्हणजे दिवसा लागणारे दिवे. हल्लीच्या गाड्यांत इंजिन चालू होताच समोरचे पांढरे एलईडी आपोआप लागतात, ते बंद करायचा खटका बहुतेक गाड्यांत नसतोच. हिवाळ्यात लेहचे चालक रात्री एक-दोनदा इंजिन चालू करतात, कारण बॅटरी आणि डिझेल थंडीने बसू नये ही त्यांची काळजी रास्त असते. त्यांना अडवू नका. कडेला इलॅस्टिक शिवलेले जाड काळे कापड बरोबर न्या आणि गाडी लावल्याबरोबर पुढच्या दिव्यांवर चढवा. मागच्या दिव्यांसाठी दुसरा तुकडा. एका गाडीला दोन मीटर कापड पुरते. फक्त निघण्याआधी ते काढायची जबाबदारी एकाच माणसावर सोपवा.

दिवे बंद ठेवून रस्त्यावर गाडी चालवायची नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगतो. तो वेडेपणा आहे. काळोखात रस्त्यावर चालणारी माणसे आणि जनावरे असतात. गाडी चालवायचीच असेल तर 'डिपर'वर, हळू चालवा. आकाश बघायला मात्र गाडीने जायची गरजच नाही. मुक्कामाच्या घरापासून दोन-तीनशे मीटर चालत गेलात की पुरे. मोकळ्या कुरणात गाडी घालून 'आणखी अंधारात' जायचा मोह आवरा. पश्मिन्याच्या शेळ्या ज्यावर जगतात ते गवत इथे वर्षातले मोजके महिनेच वाढते, आणि चाकाची खूण वर्षानुवर्षे बुजत नाही.

हातातल्या दिव्यांबद्दल. लाल दिवा हवा आणि तो मंदही हवा. लख्ख लाल दिवाही डोळ्याचा सराव मोडतो. पांढऱ्या बॅटरीवर लाल जिलेटीन पेपर लावला तर दोन पदरांतून निळा उजेड झिरपतो. निळ्या रंगाची वस्तू त्या उजेडात निळी दिसली तर आणखी दोन पदर लावा. डोक्याला बांधायचे दिवे घेताना लाल दिव्याचे बटण वेगळे आहे का, ते बघून घ्या. स्वस्त दिव्यांत एकच बटण असते आणि लालपर्यंत पोचायला आधी पांढरा लावावा लागतो. जाड हातमोज्यांनी ते बटण दाबताना दर वेळी आजूबाजूच्या चार जणांचे डोळे दिपतात.

छायाचित्रकारांना आमची एक वेगळी विनंती आहे. हानलेच्या गोंपावर, म्हणजे बौद्ध मठावर, बॅटरी फिरवून त्याला 'उजळवू' नका. सतराव्या शतकातला तो गोंपा टेकडीवर आहे, त्यावरचा उजेड सगळ्या खोऱ्यातून दिसतो. ताऱ्यांच्या उजेडातच कॅमेऱ्याचे शटर जास्त वेळ उघडे ठेवले तर गोंपा आपोआप उमटतो, आणि जास्त खरा उमटतो. कॅमेऱ्याचा फोकससाठी लागणारा दिवा बंद करा, कार्ड लिहिताना लुकलुकणाऱ्या दिव्यावर काळी टेप लावा, मागच्या पडद्याचा उजेड सर्वांत कमी ठेवा. हिरवा लेझर तर गटात एकाच माणसाकडे असावा आणि तो वेधशाळेच्या डोंगराकडे कधीही वळू नये. 'मेस'च्या कॅमेऱ्यात १,०८८ प्रकाशगुणक नळ्या आहेत. गॅमा किरण वातावरणावर आदळल्यावर जी काही अब्जांश सेकंदांची निळसर चमक उठते, ती पकडायला त्या बसवल्या आहेत. अशा यंत्राशेजारी लेझरचा खेळ म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. ड्रोन मात्र घरीच ठेवा, सीमा जवळ आहे.

आता अमावस्येचे बघू. तुमच्या जवळजवळ सगळ्या सहली अमावस्येच्या दोन-तीन रात्रींवर येऊन आदळतात. वेधशाळेची सर्वांत नाजूक कामेही काळोख्या रात्रींचीच असतात, 'मेस'सारख्या, ती निळसर चमक टिपणाऱ्या चेरेन्कोव्ह दुर्बिणींना तर चंद्रप्रकाशाचे विशेषच वावडे. म्हणजे ज्या रात्री खोऱ्यात एकही दिवा नको, त्याच रात्री सर्वांत जास्त गाड्या येतात. मोजकी घरे भरून वाहतात, पाणी अपुरे पडते, आणि महिन्याच्या उरलेल्या रात्री गावातले दुर्बीणवाले रिकामे बसतात. याची काही गरज नाही. घरच्या कॅलेंडरवर तिथी छापलेली असते, ती बघा. कृष्ण सप्तमीला चंद्र रात्री अकराच्या आसपास उगवतो. डिसेंबरात पावणेसातपासून अकरापर्यंत चार तास पूर्ण अंधार मिळतो, आणि थंडीत चार तास बाहेर काढणारे गट फार नसतात. शुक्ल सप्तमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, तिथून पहाटे पावणेसहापर्यंत आकाश मोकळे. म्हणजे कृष्ण सप्तमी ते शुक्ल सप्तमी अशा पंधरा-सोळा रात्री कामाच्या आहेत. अमावस्येच्या आधीचा आठवडा आम्ही सर्वांत वर ठेवू. संध्याकाळी निरीक्षण करायचे, चंद्र उगवला की झोपायला जायचे. वयस्क माणसे असलेल्या गटाला याहून सोयीचे वेळापत्रक नाही.

यानंतरचा मुद्दा जिवाचा आहे. विमानाने लेह, म्हणजे समुद्रसपाटीवरून थेट ३,५०० मीटर. तिथे एक रात्र काढून दुसऱ्या दिवशी हानलेच्या ४,३०० मीटरवर झोपायचे, हे पाच रात्रींचे वेळापत्रक कोणीही छापू नये. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा नियम सर्वमान्य आहे. लेहमध्ये किमान तीन रात्री, त्यातले पहिले दोन दिवस खरोखर विश्रांती. बाजारात फिरणे म्हणजे विश्रांती नव्हे. मग सुमारे ४,००० मीटरवर चुमाथांगला एक रात्र, जमल्यास दोन. त्यानंतर हानलेत तीन रात्री. परतीची एक रात्र धरून आठ रात्रींच्या खाली हे बसत नाही. दुसऱ्या दिवशी उमलिंग ला दाखवण्याचा मोह तर मुळीच नको. ५,८०० मीटरच्या आसपासच्या त्या खिंडीचा आकाशदर्शनाशी काहीही संबंध नाही.

मनालीत त्रास झाला तर खाली कुल्लूला उतरता येते. हानलेत तो मार्ग नाही, हे आयोजकांच्या लक्षात येत नाही. आजूबाजूचा सगळा मुलूखच उंच आहे. नीट उतरायचे तर लेहपर्यंत सहा-सात तासांचा प्रवास, तोही रात्री आणि बर्फात. म्हणून इथे चढतानाच सावध राहायचे. डोकेदुखीसोबत मळमळ किंवा भोवळ असेल तर त्या माणसाने वर जायचे नाही, हा नियम निघण्यापूर्वी लेखी सांगा. एका रेषेत टाचेला बोटे लावून दहा पावले चालायला सांगा. तोल जात असेल किंवा माणूस असंबद्ध बोलत असेल, तर मेंदूला सूज आलेली असू शकते. बसल्या जागी धाप लागणे आणि खोकल्यातून फेस येणे ही फुप्फुसात पाणी झाल्याची लक्षणे. दोन्हींत ऑक्सिजन लावून ताबडतोब खाली निघायचे, सकाळची वाट बघायची नाही. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका, थंड पडलेल्या बोटावर तो खोटा आकडा देतो. बोट दहा मिनिटे काखेत धरून मगच मोजा आणि निर्णय लक्षणांवर घ्या. उंचीचा त्रास टाळण्यासाठी अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी द्यायची झाली तर ती ज्याच्या त्याच्या डॉक्टरच्या सल्ल्यानेच. नेहमीची मात्रा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आधी सांगायला हवे. या गोळीने लघवी जास्त होते, तेव्हा उणे वीसमध्ये रात्री दोनदा उठावे लागणार, हेही माणसांना माहीत असू द्या.

दम धरण्याचे आणखी एक कारण थेट ताऱ्यांशी जोडलेले आहे. हानलेत प्राणवायूचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. डोळ्याच्या पडद्यातल्या ज्या पेशी अंधारात पाहतात त्या प्राणवायूच्या फार भुकेल्या, आणि तो कमी पडला की सर्वांत आधी रात्रीची नजर मंदावते. १,५०० मीटरपासूनच हा परिणाम जाणवू लागतो. घाईघाईने वर आणलेल्या माणसाला ते आकाश मंद दिसते. एका जागी उभे राहून दहा वेळा खोल, संथ श्वास घेतला की अंधुक तारे किंचित उजळतात. धूम्रपान करणाऱ्यांना त्यांच्या रक्तातला कार्बन मोनॉक्साइड इथे दुप्पट महागात पडतो. निरीक्षणाआधीचे दोन तास तरी सिगारेट नको, आणि काडी ओढली की उजेड होतोच. तिसऱ्या रात्री त्याच माणसाला पहिल्या रात्रीपेक्षा जास्त तारे दिसतात. तीन रात्री मुक्कामाचा आग्रह आम्ही धरतो तो यासाठीही.

थंडीचे काय? जानेवारीत पारा उणे २५-३० पर्यंत जातो. उणे २० तापमान आणि ताशी २० किलोमीटर वारा असला की कातडीला ते उणे ३० वाटते. ट्रेकिंगचा अनुभव इथे फसवतो, कारण चालणारा माणूस स्वतःला गरम ठेवतो आणि दुर्बिणीजवळ उभा राहणारा एकाच जागी गोठतो. थंडी सर्वांत आधी तळव्यांतून चढते. बूट एक आकडा मोठा घ्या, म्हणजे दोन मोजे घालूनही बोटे हलतील. घट्ट बुटात रक्त फिरत नाही, मग मोजे कितीही चांगले असले तरी उपयोग नाही. उभे राहायच्या जागी फोमची चटई टाका. पन्नास रुपयांच्या वस्तूने अख्खी सहल वाचते, असे आम्ही उगाच म्हणत नाही. अंगाला लागून सुती कपडा नको, घाम धरून ठेवतो. माकडटोपी दोन घ्या, एक श्वासाच्या वाफेने गोठून कडक झाली की दुसरी चढवता येते. हात गरम करायच्या रासायनिक पुड्यांवर भिस्त नको. त्या हवेतल्या प्राणवायूवर चालतात आणि एवढ्या उंचीवर नीट तापत नाहीत. पाण्याची बाटली उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूला धरतो, झाकण खाली असले तर ते मोकळे राहते.

पंचेचाळीस मिनिटे बाहेर आणि पंधरा मिनिटे आत, हा फेरा बहुतेकांना झेपतो. पण ज्या खोलीत आत येता तिथे लाल दिवाच हवा, नाहीतर दर तासाला शून्यापासून सुरुवात. आणि त्या खोलीतल्या बुखारीबद्दल, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीबद्दल, फार गांभीर्याने सांगतो. जळण जळते त्या बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो आणि सुरुवातीची लक्षणे डोकेदुखी, मळमळ, ग्लानी अशीच. म्हणजे अगदी उंचीच्या त्रासासारखी, आणि फसगत तिथेच होते. धुराडे नीट बाहेर गेले आहे का ते बघा, खिडकी दोन बोटे उघडी ठेवा, झोपण्याआधी बुखारी विझवा. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा गजर तळहाताएवढा असतो. प्रत्येक झोपायच्या खोलीत एक, हा खर्च तुमच्या पॅकेजमध्येच धरा. एका खोलीतल्या सगळ्यांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, तर आधी सगळ्यांना बाहेर काढा.

दुर्बिणीकडे येऊ. विमानाने मोठी दुर्बीण नेण्याचा खटाटोप करू नका. गावात प्रशिक्षित माणसे आणि दुर्बिणी आहेत, त्यांना काम द्या. तुम्ही १० बाय ५० च्या (दहा पट मोठे दाखवणाऱ्या, ५० मिलिमीटर भिंगांच्या) द्विनेत्री आणा, दोघांत एक. पन्नाशी उलटलेल्या माणसाची बाहुली अंधारात जेमतेम ५ मिलिमीटर उघडते, म्हणून ७ बाय ५० मधून निघणारा (५० भागिले ७) सुमारे ७ मिलिमीटर रुंद प्रकाशझोत तिच्यात मावतच नाही. एका दुर्बिणीमागे सहाच माणसे ठेवा. वीस जणांच्या रांगेत प्रत्येकाला दोन मिनिटे दिली तर एक वस्तू दाखवायला चाळीस मिनिटे लागतात, आणि शेवटच्याची बोटे तोवर बधिर होतात. सहा जणांना बारा मिनिटे पुरतात.

दुर्बीण स्वतःची असेल तर ती अंधार पडण्याच्या दोन तास आधी बाहेर, सावलीत ठेवा. उबदार खोलीतला आरसा उणे वीसमध्ये आणला की नळीत गरम हवेच्या लहरी उठतात आणि गुरूचे पट्टे पाण्याखाली असल्यासारखे हलतात. नेत्रिकेवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, श्वास पडला की हिम धरते. ते बोटाने पुसू नका, ओरखडे पडतात. खिशात उबदार ठेवलेली दुसरी नेत्रिका लावा आणि पहिली खिशात टाका. लोकांना सांगा, डोळा लावताना श्वास रोखायचा, सोडायचा तो मान फिरवून. धातूच्या भागाला उघडा किंवा ओला हात लावायचा नाही, कातडी चिकटते. साधी लिथियम-आयन बॅटरी उणे वीसमध्ये निम्म्याच्या आसपास काम देते, ती आतल्या खिशात ठेवा. थंड पडलेली बॅटरी तशीच चार्जिंगला लावू नका. शून्याखाली चार्ज केल्यास आत धातूचा थर बसून ती कायमची खराब होते. परत आत येताना कॅमेरा आणि भिंगे बाहेरच हवाबंद पिशवीत बांधा आणि सकाळपर्यंत पिशवी उघडू नका. खोलीतल्या श्वासाचा आणि चहाच्या वाफेचा ओलावा मग पिशवीवर धरतो, भिंगांवर नाही.

तुमच्या जाहिरातींतल्या चित्रांबद्दलही बोलायला हवे. डिसेंबर-जानेवारीच्या सहलीवर आकाशगंगेच्या केंद्राचे झगझगीत चित्र छापलेले असते. धनू राशीतला तो भाग त्या दिवसांत सूर्याच्या दिशेला असतो, रात्री दिसतच नाही. तो हवा असेल तर एप्रिलपासून पहाटे आणि पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत संध्याकाळी बघायचा. हिवाळ्याचे देणे वेगळे आहे. मृग, रोहिणी, कृत्तिका, व्याध आणि त्यांच्या शेजारून जाणारी आकाशगंगेची मऊ, बाहेरची बाजू. फेब्रुवारीअखेरीस संध्याकाळी पश्चिमेला क्रांतिवृत्तावर, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वाटेवर, उभा राहणारा राशिप्रकाशाचा (सूर्याभोवतीच्या धुळीवरून परतणाऱ्या उजेडाचा) पांढुरका सुळका. शहरी माणूस त्याला लांबच्या गावाचा उजेड समजतो, तो तसा नाही हे कोणीतरी सांगावे लागते. वेळही भरपूर असतो. डिसेंबरात पूर्ण अंधाराचे सुमारे ११ तास मिळतात, जूनमध्ये जेमतेम सव्वासहा. ध्रुवतारा पुण्यात क्षितिजापासून १८-१९ अंशांवर असतो, इथे ३३ वर. उलट अगस्त्य पुण्यात १९ अंशांपर्यंत वर येतो, हानलेत कसाबसा साडेचार अंश, म्हणजे डोंगरामागेच राहतो. दक्षिणेचे तारे बघायचे तर आपला महाराष्ट्रच बरा. पेंचच्या आपल्या व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये 'डार्क स्काय पार्क'चा दर्जा मिळाला आहे. ज्यांच्या प्रकृतीला उंची झेपणार नाही त्यांना तिथे न्या, यात काहीही कमीपणा नाही.

आणि '२ मीटरच्या दुर्बिणीतून शनी' हे आश्वासन ताबडतोब काढून टाका. हिमालयन चंद्रा दुर्बिणीला डोळा लावायला नेत्रिका नसते, प्रकाश थेट उपकरणांवर जातो. वेधशाळा बघायची ती दिवसा, तिथल्या परवानगीने. रात्री डोंगरावर गाडी नेण्याचा हट्ट धरू नका. एखाद्या मंद दीर्घिकेचा वर्णपट घ्यायला दुर्बीण एकाच जागी बराच वेळ रोखून धरलेली असते आणि हेडलाइटचा एक फटका त्या निरीक्षणावर पाणी फिरवतो.

परवान्याचे आणि शुल्काचे नियम बदलत राहतात, निघण्याच्या आठवड्यात लेहमध्ये विचारून घ्या. बाहेरच्या राज्यातली प्रीपेड सिमकार्डे लडाखमध्ये चालत नाहीत, म्हणून आकाशाचे नकाशे आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. टाकी लेहमध्येच भरून घ्या. साधे डिझेल एवढ्या थंडीत मेणासारखे घट्ट होऊन फिल्टर तुंबतो. उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारे हिवाळी डिझेल २०१९ पासून लडाखसाठी मिळते, चालकाला तेच भरायला सांगा. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, तो गोठून बसतो. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा.

तुमच्याकडून आम्हाला पुढच्या हंगामाच्या पत्रकात हे बदल हवे आहेत. गट बारा जणांचा. एकूण आठ रात्री, त्यातल्या तीन हानलेत. तारखा अमावस्येला चिकटवलेल्या नाहीत, तर वर सांगितलेल्या पंधरा-सोळा रात्रींत विखुरलेल्या. स्थानिक मार्गदर्शकाचे मानधन पॅकेजमध्येच धरलेले, तिथे जाऊन घासाघीस नाही. सामानाच्या यादीत फोमची चटई, मंद लाल दिवा आणि दुसरी माकडटोपी. चालकाच्या हाती द्यायचे काळे कापड मात्र आयोजकाने स्वतः शिवून घ्यावे, आणि ते नेमके कुठे बांधायचे हे लेहहून निघण्याआधी दिवसाउजेडी गाडीवर एकदा बांधून दाखवावे.

आपले,
हानलेच्या आकाशावर प्रेम करणारे काही निरीक्षक